हात डोक्यावर नेला की खांद्याचं ॲबडक्शन 120 अंश धरायचं की 180?

नवखी_गोनिओ

फिजिओथेरपी, पहिलं वर्ष. फ्लेक्शन (वाकवणं), एक्स्टेन्शन (सरळ करणं), ॲबडक्शन (मध्यरेषेपासून बाजूला नेणं), ॲडक्शन (परत जवळ आणणं), आत-बाहेर फिरणं, सगळ्या व्याख्या पाठ आहेत. गोनिओमीटर (खिळ्याने जोडलेल्या दोन पट्ट्यांचा, सांध्याचा कोन मोजणारा) हातात घेतला की मात्र आकडे बसत नाहीत. चार ठिकाणी गाडी अडली आहे.

1. खांद्याचं ॲबडक्शन एका तक्त्यात 180 आहे, दुसऱ्यात 120. छपाईची चूक वाटत नाही, कारण दोन्ही आकडे अनेक ठिकाणी सापडतात.

2. प्रोनेशन (तळवा पालथा करणं): त्याच व्यक्तीचं, त्याच दिवशी, एकदा 75 अंश आलं आणि एकदा 110. मोजणारे हात वेगळे होते, एवढाच फरक.

3. अंगठ्याचं फ्लेक्शन कुठलं आणि ॲबडक्शन कुठलं? जो तो वेगळंच सांगतो.

4. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर काही जण "उणे 10" लिहितात, काही जण "10 ते 120". बरोबर काय?

उखळीचा_सांधा

पहिल्याचं उत्तर: दोन्ही बरोबर. दोन तक्ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, फक्त दोघांच्या मथळ्यात "खांदा" हा एकच शब्द आहे.

हात बाजूने वर नेताना चार जागा हलतात. दंडाचं हाड पात्याच्या उथळ खोबणीत फिरतं, तो खरा उखळीचा सांधा. खांद्याचं पातं बरगड्यांवरून सरकतं आणि वळतं. कॉलरबोनची दोन्ही टोकं हलतात, एक छातीच्या मधल्या हाडापाशी आणि दुसरं पात्याच्या टोकाशी. उखळीच्या सांध्याचा वाटा साधारण 120 अंश, पात्याच्या वळण्याचा साधारण 60. बेरीज 180. या दोघांतल्या 2:1 प्रमाणाला स्कॅप्युलोह्यूमरल ऱ्हिदम म्हणतात आणि ते इनमन व सहकाऱ्यांच्या 1944 च्या कामातून आलं. ते सरासरी प्रमाण आहे, प्रत्येक अंशाला लागू होणारं नाही. पहिल्या 30 अंशांत पातं जवळजवळ स्थिर असतं किंवा स्वतःची जागा शोधत असतं, माणसागणिक वेगळं. मधल्या टप्प्यात त्याचा वाटा वाढतो. अगदी शेवटचे काही अंश तर पाठीचा कणा मागे ताणला जाऊन मिळतात. म्हणून ज्यांच्या पाठीला बाक आहे त्यांचा हात कानाला लागत नाही, खांदा ठणठणीत असला तरी.

मोजायचं कसं, ते प्रश्नावर ठरतं. "हात किती वर जातो" हे हवं असेल तर छाती स्थिर ठेवा आणि 180 च्या तक्त्याशी ताडून बघा. "उखळीचा सांधा किती मोकळा आहे" हे हवं असेल तर पातं धरून ठेवा. एका हाताचा तळवा काखेखालून पात्याच्या बाहेरच्या कडेवर टेकवा, दुसऱ्या हाताने दंड उचला. पात्याचं खालचं टोक तुमच्या हाताला ढकलायला लागलं की थांबा. इथे 90 ते 120 मिळेल आणि तेच योग्य आहे.

दोन्ही पद्धतींत व्यक्तीला पाठीवर झोपवा, गुडघे वाकवून, म्हणजे कंबर उचलली जात नाही. गोनिओमीटरचा खिळा खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकाजवळ, पुढच्या बाजूला. स्थिर पट्टी छातीच्या मधल्या हाडाला समांतर. हलती पट्टी दंडाच्या मध्यरेषेवर. कोपर सरळ, तळवा छताकडे.

तळव्याची दिशा हा शोभेचा भाग नाही. उभं राहून अंगठा खाली, मांडीकडे करून हात बाजूने उचला. 90 च्या अलीकडे-पलीकडे अडेल. आता अंगठा वर करून उचला, हात सरळ कानापाशी. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने एक उंचवटा असतो. हात वर जाताना तो पात्याच्या छपराला आपटतो. दंड बाहेर वळला की उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. छप्पर आणि चेंडू (दंडाच्या हाडाचं गोल टोक) यांच्यात जागा जेमतेम सेंटीमीटरभर, त्यातच स्नायूची दोरी आणि पाण्याची पिशवी. ॲबडक्शन कमी आलं तर आधी तळवा कुठे होता ते तपासा, मग सांध्याला दोष द्या.

आणि एकूण आकड्यावर भाळू नका. फ्रोझन शोल्डरमध्ये उखळीचा सांधा आखडलेला असतो, पण पातं तर मोकळंच असतं. तो माणूस खांदा कानाकडे खेचून हात बराच वर नेतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बरं चाललंय. कोपर अंगाला चिकटवून, 90 अंशात वाकवून, पंजा बाहेर नेता येतो का बघा. आखडलेल्या सांध्यात हे बाहेर वळणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातं, आणि इथे पात्याला फारशी लबाडी करता येत नाही.

त्रिज्या_अक्ष

75 आणि 110 मधला फरक जवळजवळ नक्कीच खांद्याने भरून काढलेला आहे.

मराठीत तळहात उताणा आणि पालथा असतो, आणि माणूस झोपतोही उताणा आणि पालथा. सुपिनेशन आणि प्रोनेशन लक्षात ठेवायला याहून सोपी खूण नाही. उताणा म्हणजे सुपिनेशन, पालथा म्हणजे प्रोनेशन.

ही हालचाल मनगटात होत नाही आणि कोपराच्या बिजागरीतही होत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत, करंगळीच्या बाजूला अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूला रेडियस. अल्ना जवळजवळ जागेवर राहते. रेडियसचं वरचं टोक चकतीसारखं गोल असतं आणि बंधाच्या कड्यात खुंटीसारखं जागच्या जागी फिरतं. खालचं टोक मात्र अल्नाच्या डोक्याभोवती फेरी मारतं. तळवा उताणा असताना दोन्ही हाडं समांतर, पालथा केला की रेडियस अल्नावर आडवी येते. हातांनी पडताळून बघा: कोपराच्या मागच्या टोकावर बोट ठेवून पंजा फिरवा, टोक हलत नाही. आता कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याच्या थोडं खाली, पंजाच्या दिशेला बोट दाबून ठेवा आणि पुन्हा फिरवा. बोटाखाली चकती फिरताना लागते.

मोजताना बसवा. दंड अंगाला चिकटलेला, कोपर 90 अंशात, अंगठा वर. हे शून्य. प्रोनेशनसाठी हलती पट्टी मनगटाच्या जरा वर, हाताच्या पाठीकडच्या बाजूला सपाट टेकवा. सुपिनेशनसाठी तीच पट्टी तळव्याकडच्या बाजूला. दोन्ही वेळा स्थिर पट्टी दंडाच्या मध्यरेषेला समांतर. निरोगी माणसात दोन्हीकडे 80 ते 90 येतं.

चुका ठरलेल्या जागी होतात. कोपर अंगापासून सुटला की दंड आत वळतो आणि ते अंश प्रोनेशनच्या खात्यात जमा होतात. तुमचे 110 इथून आले असणार. सुपिनेशनमध्ये उलट, कोपर पोटाकडे घुसतो आणि दंड बाहेर वळतो. कोपर सरळ ठेवून मोजलं तर खांदा आणि हात वेगळे करताच येत नाहीत. दुसरी चूक मुठीत पेन्सिल धरून तिचा कोन मोजण्याची. सोयीचं आहे, पण त्यात मनगटाच्या छोट्या हाडांचं वळणंही मोजलं जातं. पेन्सिल वापरायचीच असेल तर दर वेळी तीच वापरा आणि नोंदीत तसं लिहा.

रोजच्या कामांना संपूर्ण पल्ला लागत नाही. मॉरी आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरतात: कोपर 30 ते 130 अंश, पालथा 50, उताणा 50, एवढ्यात बहुतेक कामं होतात. म्हणून प्रोनेशन 60 वर अडकलेला माणूस तक्रार करत नाही, तक्त्यात मात्र तो कमी दिसतो.

जाता जाता: उजव्या हाताने स्क्रू घट्ट करणं म्हणजे सुपिनेशन. त्यात बायसेप्स मोठा कामकरी आहे आणि तो कोपर 90 अंशात असताना सगळ्यात जोर लावतो. कोपर सरळ करून स्क्रू आवळून बघा, जोर कुठे गेला ते कळेल.

नवखी_गोनिओ

अंगठा वर-खालीचा प्रयोग लगेच पटला. प्रोनेशन पुन्हा मोजलं, कोपर आणि अंग यांच्यात घडी घातलेला रुमाल ठेवून आणि "तो पडू द्यायचा नाही" असं सांगून. दोघींचे आकडे 78 आणि 80 आले.

एक पोटप्रश्न: चेंडू खोबणीत वर घरंगळतो आणि खाली सरकतो असं वर्गात शिकवलं. एकाच वेळी वर आणि खाली कसा?

नेमकं_सांगा

टायर चिखलात जागच्या जागी फिरताना बघा. टायर फिरतो, गाडी पुढे जात नाही, कारण रबर जितकं पुढे घरंगळायला बघतं तितकंच मागे घसरतं. खांद्यात हेच. दंडाचा चेंडू मोठा, खोबण लहान आणि उथळ. हात वर नेताना चेंडू नुसता घरंगळला असता तर काही अंशांतच खोबणीतून वर चढून छपराला टेकला असता. घरंगळण्यासोबत तो खाली सरकतो, म्हणून केंद्र जवळपास जागेवर राहतं. प्रत्यक्षात ते काही मिलिमीटरच हलतं.

म्हणून "हात वर जाताना चेंडू खाली जातो" हे वाक्य शब्दशः घेऊ नका. सरकणं खाली होतं, चेंडूचं केंद्र खाली जात नाही. शिकवताना ही गल्लत फार होते. बहिर्गोल भाग हलत असेल तर घरंगळणं आणि सरकणं उलट दिशेला, अंतर्गोल भाग हलत असेल तर एकाच दिशेला, हा नियम दिशा आठवायला चांगला. आखडलेला सांधा हाताने कुठल्या दिशेला सरकवायचा हे फक्त त्याच्यावर ठरवू नये, सांध्याच्या आवरणाचा कुठला भाग ताठ आहे ते बोटांनी चाचपून ठरवावं.

ते सरकवतं कोण? पात्याभोवतीचे रोटेटर कफचे स्नायू. खांद्यावरचा मोठा स्नायू डेल्टॉइड दंडाला वर खेचतो, कफ चेंडूला खोबणीत दाबून धरतो. कफ फाटला की डेल्टॉइडचं ओढणं तसंच राहतं, धरणारं कोणी उरत नाही, आणि चेंडू खरंच वर चढतो.

चिमटीतलं

अंगठा. भांडण अशासाठी होतं की अंगठा बाकी बोटांच्या तुलनेत जवळजवळ 90 अंश वळवून बसवलेला आहे. हात टेबलावर उताणा ठेवा आणि नखं बघा: चार बोटांची नखं टेबलाकडे, अंगठ्याचं नख बाजूला. म्हणून त्याची सगळी नावंही तितकीच वळतात.

हात तसाच उताणा ठेवून: अंगठा छताकडे उचलला तर ॲबडक्शन. परत तर्जनीजवळ आणला तर ॲडक्शन. तळव्यावरून घासत करंगळीकडे नेला तर फ्लेक्शन. टेबलाला समांतर बाहेर नेला, इंग्रजी एलसारखा, तर एक्स्टेन्शन. हे शेवटचं काही शल्यचिकित्सक रेडियल ॲबडक्शन म्हणतात, आणि वादाचं मूळ तेच. नोंदीत "तळव्याच्या पातळीत" की "तळव्याला काटकोनात" असे दोन शब्द लिहून टाका, मग नाव कुठलंही वापरा.

अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावणं, म्हणजे ऑपोझिशन, ही एकच हालचाल नाही. ॲबडक्शन, फ्लेक्शन आणि अंगठ्याचं स्वतःभोवती वळणं यांची ती मोळी आहे. बुडाशी खोगिरासारखा सांधा आहे म्हणून ते जमतं. फसवणूक ओळखायची खूण: टोकं जुळली तेव्हा दोन्ही नखं जवळजवळ समोरासमोर उलट दिशांना हवीत. अंगठा नुसता तळव्यावरून लोळत करंगळीच्या कडेला लागला तर ते फ्लेक्शन झालं.

बाकी बोटांचं ॲबडक्शन शरीराच्या मध्यरेषेपासून धरत नाहीत, मधल्या बोटापासून धरतात. पायात ती रेषा दुसऱ्या बोटातून जाते.

नडगी_ते_टाच

गुडघ्याचं उत्तर: "उणे 10" लिहू नका. एकासाठी ते 10 अंश कमी सरळ, दुसऱ्यासाठी 10 अंश जास्त मागे गेलेला. एकाच चिन्हातून दोन उलट निदानं निघतात.

शून्य मधोमध ठेवून तीन आकडे लिहिण्याची पद्धत घ्या. पहिला आकडा सरळपणाच्या पलीकडचा, मधला शून्य, शेवटचा वाकण्याचा. मागे 5 अंश जाणारा आणि 140 पर्यंत वाकणारा गुडघा 5-0-140. सरळच न होणारा, 10 वर अडकून 120 पर्यंत जाणारा 0-10-120. इथे शून्य पहिल्या जागी सरकला, म्हणजे हा गुडघा शून्याला पोचतच नाही, हे न वाचताही दिसतं. तुमचं "10 ते 120" चुकीचं नाही, त्याच नोंदीचं ते आखूड रूप आहे. शून्यापासून मोजण्याची रीत अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या 1965 च्या पुस्तिकेने सर्वत्र रुजवली.

मोजताना खिळा मांडीच्या हाडाच्या खालच्या, बाहेरच्या उंचवट्यावर. एक पट्टी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. सरळपणा बघताना टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल द्या, म्हणजे गुडघा मागे पडायला मोकळा राहतो. गुडघ्याखाली उशी असेल तर निरोगी गुडघाही वाकडा निघतो. वाकवताना मांडीही पोटाकडे आणा. पालथं झोपवून वाकवलंत तर मांडीचा पुढचा स्नायू खुब्यापाशीही ताणलेला असतो आणि 10-20 अंश तोच खाऊन टाकतो.

हा धडा सगळीकडे लागू आहे: दोन सांध्यांवरून जाणारा स्नायू दुसऱ्या सांध्याला आवरतो. घोटा वर उचलताना गुडघा सरळ असेल तर पोटरी आवरते, गुडघा वाकवला की जास्त मिळतं. दोन्ही मोजा. दोन्हीत कमी आलं तर अडचण पोटरीतल्या खोलवरच्या सोलियस स्नायूत किंवा सांध्यात, फक्त सरळ गुडघ्यात कमी आलं तर पोटरीच्या गुडघ्यावरून जाणाऱ्या गॅस्ट्रॉक्नेमियस स्नायूत. मनगट वाकवताना मूठ घट्ट असेल तर बोटं उघडणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या आवरतात, म्हणून बोटं सैल सोडायला सांगा.

आणखी एक, गुडघा म्हणजे निव्वळ बिजागरी हे शाळेपुरतं खरं. सरळ होताना शेवटच्या साधारण 20 अंशांत नडगीचं हाड थोडं बाहेर वळतं आणि सांधा कुलूप लागल्यासारखा घट्ट बसतो. पाय जमिनीवर रोवलेला असेल तर नडगी हलत नाही, मांडीचं हाड आत वळतं. कुलूप उघडतो गुडघ्यामागचा छोटा स्नायू, पॉप्लिटियस. पाय लटकता ठेवून गुडघा 90 वर वाकवा आणि पंजा आत-बाहेर फिरवा, नडगी फिरताना दिसेल. सरळ गुडघ्यात हे होत नाही, तिथे फिरतो तो खुबा.

उखळीचा_सांधा

वर दोन सांध्यांच्या स्नायूंचा विषय निघालाच आहे तर खुबाही घ्या. सरळ पाय उचलला तर 80 च्या आसपास मांडीमागचे स्नायू ओढतात, गुडघा वाकवून 120 पर्यंत जाता येतं. पण मोजताना दुसरा हात कमरेखाली ठेवा. कंबर हातावर दाबली गेली की ओटीपोटाचं हाड मागे कलंडायला लागलं, तिथून पुढचे अंश खुब्याचे नाहीत, कण्याचे आहेत.

त्रिज्या_अक्ष

मानेचंही असंच. "हो" म्हणायला कवटी आणि पहिला मणका, "नाही" म्हणायला पहिला आणि दुसरा मणका. डोकं एका बाजूला वळतं त्यातला जवळपास निम्मा भाग या "नाही"च्या सांध्याचा, उरलेला खालच्या मणक्यांत वाटलेला. वरचा भाग वेगळा बघायचा असेल तर हनुवटी छातीला पूर्ण टेकवून मग डोकं वळवा. खालचे मणके ताणले जाऊन अडकतात आणि वळणं मुख्यतः वरच्या सांध्याचं उरतं.

नवखी_गोनिओ

नखांची खूण आणि तीन आकडे, दोन्ही वहीत उतरवले. शेवटचं: वर्गात कोणीतरी म्हणालं की हात न पिळताही पिळला जातो. असं कसं?

नेमकं_सांगा

कॉडमनचा विरोधाभास, 1934. उभे राहा, हात लटकता, कोपर सरळ, तळवा मांडीकडे, अंगठा पुढे. हात समोरून डोक्यावर न्या, पिळू नका. आता तळवा आतल्या बाजूला आहे आणि अंगठा मागे. तसाच हात बाजूने खाली आणा, पुन्हा न पिळता. खाली पोचल्यावर तळवा बाहेर आणि अंगठा जवळजवळ मागे. शेवटी जरा ताण येईल, कारण दंड आणि रेडियस मिळून जेमतेम एवढंच बाहेर वळू शकतात. समोरून वर जाणं आणि बाजूने खाली येणं, दोन्ही निर्मळ हालचाली, तरी बेरजेत हात स्वतःच्या अक्षाभोवती 180 अंश वळला.

म्हणून खांद्याच्या नोंदीत "वर गेला 150" एवढं पुरत नाही. कुठल्या वाटेने गेला, तळवा कुठे होता, स्वतः उचलला की तुम्ही उचललात, झोपून की बसून, हे चार शब्द सोबत लिहा. पुढच्या वेळी तोच हात, तीच वाट, शक्यतो तोच मोजणारा. आणि 5 अंशांपेक्षा कमी फरकाला सुधारणा म्हणू नका, तेवढा तर गोनिओमीटर धरण्यातच होतो.